तिघींपैकी आधी कोण?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. काही महिन्यांपूर्वी ती घरातच पाय घसरून हातावर पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, विषय संपला. पण आईची आई खुबा मोडून अंथरुणाला खिळली ती परत उठलीच नाही, त्यामुळे माझ्या मनातून हे जात नाही. आईचं वजन ४९ किलो आहे. जुन्या कागदपत्रांत तिची उंची १५६ सेंटिमीटर आहे, परवा दवाखान्यात १५१ भरली. ती म्हणते, वयाने होतं तसं. सासूबाई ७२ वर्षांच्या, वजन ७४ किलो, अठरा वर्षांपासून मधुमेह. गुडघे दुखतात, वर्षभरात दोनदा पडल्या, नशिबाने काही मोडलं नाही. त्यांनी एका शिबिरात टाचेला यंत्र लावून तपासणी करून घेतली आणि 'हाडं उत्तम' असा कागद आणला. आत्या ५९ वर्षांची, वजन ५८ किलो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी दोन वर्षं रोज ५ मिलिग्रॅम स्टेरॉइड घेते. पाळी ४४व्या वर्षी गेली. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून तीही निश्चिंत आहे. यांच्यापैकी धोका कुणाला आहे हे ओळखायचं कसं? आधी कुणाला न्यायचं? आणि मी ४३ वर्षांची आहे, मीही तपासणी करून घेऊ का?
– तिघींच्या मधली एक

उत्तर :

आधी आई. हा क्रम ठरवायला यंत्र लागत नाही, तुम्ही तिच्याबद्दल लिहिलेल्या चार ओळी पुरेशा आहेत.

उभ्या उभ्या, म्हणजे फार तर स्वतःच्या उंचीइतक्या अंतरावरून पडून पन्नाशीनंतर हाड मोडलं, तर ते हाड ठिसूळ असावं असं धरूनच पुढे चालायचं असतं. बोटं, चेहरा आणि कवटी यांचे मोड यात मोजत नाहीत. मनगट, खांदा, मणका, खुबा, ओटीपोटाची हाडं ही मोजतात. 'पडल्यावर मोडणारच' हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. पण जिन्यावरून गडगडणं किंवा गाडीची धडक बसणं वेगळं आणि चालता चालता घसरणं वेगळं. साध्या पडण्याने मोडलेलं हाड नुसतं जुळवून भागत नाही, ते का मोडलं हेही कुणीतरी विचारायला हवं. तुमच्या आईच्या बाबतीत हाताचा इलाज नीट झाला, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. असं सर्रास घडतं. प्लास्टर घालणारा विभाग वेगळा, हाडांच्या घनतेचं बघणारा वेगळा, आणि दोघांच्या मधे रुग्ण घरी निघून जातो. ही फट बुजवण्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एक पद्धत सुरू झाली. मोड घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाला शोधून त्याच्या हाडांची तपासणी करण्याचं काम एका नेमलेल्या परिचारिकेकडे दिलं गेलं. आज अशा सेवा बऱ्याच देशांत आहेत. जिथे नाहीत तिथे ते काम घरातल्या माणसालाच करावं लागतं. तुमच्या घरात ते तुमच्याकडे आलेलं दिसतंय.

घाई करायला मी का सांगतेय तेही सांगते. असा एक मोड झाला की पुढच्या मोडाचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि हा वाढलेला धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. आई सध्या त्याच काळात आहे. मनगट हे पुष्कळदा पहिलं ठिकाण असतं, कारण साठीच्या आसपासची बाई पडताना हात पुढे टाकते. वय आणखी वाढलं की तो हात वेळेवर पुढे येत नाही, माणूस कुशीवर पडतो आणि खुबा मोडतो. तुमच्या आजीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. उतारवयात खुबा मोडलेल्यांपैकी निदान पाचातला एक जण वर्षाच्या आत दगावतो. मनगट मोडल्यापासून खुबा मोडेपर्यंत बरीच वर्षं जाऊ शकतात. उपचाराचा उपयोग त्याच वर्षांत होतो.

आता उंची. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच, मनगटापेक्षाही. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या थोड्या झिजतात, थोडी उंची प्रत्येकाचीच कमी होते. पण तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त घट असेल, किंवा दवाखान्यात मोजलेल्या दोन नोंदींत २ सेंटिमीटरचा फरक पडला असेल, तर एखादा मणका दबला आहे का ते पाहायला हवं. आईची घट ५ सेंटिमीटर आहे. जुन्या कागदावरचा आकडा कुणी अंदाजाने लिहिलेला असू शकतो, हे मान्य. तरी पाठीच्या आणि कंबरेच्या मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे एवढ्या कारणासाठी नक्की मागा. मणका दबला तर कळल्याशिवाय राहणार नाही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दबलेल्या मणक्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश त्या वेळी ओळखलेच जात नाहीत. वाकून बादली उचलताना पाठीत चमक भरली, दोन-तीन आठवडे दुखलं, मलम लावलं, राहिलं, इतकीच आठवण मागे उरते. आईला अशी एखादी पाठदुखी आठवते का, ते विचारा. थेट विचारा, कारण आपण होऊन ती सांगणार नाही. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मणका नुकताच दबलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ पाचातल्या एकीचा दुसरा मणका वर्षभरात दबल्याचं दिसलं होतं. म्हणून 'बघू नंतर' हे इथे चालत नाही.

घरी दोन गोष्टी पाहता येतात. आईला भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून ताठ उभं राहायला सांगा. डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज टेकते की मधे जागा राहते? दुसरं म्हणजे ती उभी असताना तिच्या सर्वांत खालच्या फासळीत आणि कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेत तुमची किती बोटं मावतात? दोन बोटंही मावत नसतील तर धड आखूड झालं आहे. अशी कोणती साधी लक्षणं खरोखर उपयोगी पडतात, याचा धांडोळा २००४ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाने घेतला होता. त्यात ही दोन होतीच, शिवाय ५१ किलोपेक्षा कमी वजन, तोंडात २० पेक्षा कमी दात आणि पाठीला बाक आल्याचं स्वतः बाईने सांगणं, हीसुद्धा होती. दातांचं वाचून मलाही पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. मात्र एक लक्षात ठेवा. यातलं काही आढळलं तर शंका पक्की होते. काहीच आढळलं नाही म्हणून हाडं चांगली, असं म्हणता येत नाही.

आता तिघींचा एकत्र विचार करू. रोज शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला चटकन करता यावी अशी एक आकडेमोड आहे, तिला ऑस्टा म्हणतात. ती २००१ साली आशियातल्या आठ देशांतल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या माहितीवरून तयार झाली. किलोमधल्या वजनातून वय वजा करायचं, आलेल्या आकड्याला ०.२ ने गुणायचं आणि दशांश चिन्हापुढचा भाग सोडून द्यायचा. उत्तर उणे १ पेक्षा वर असेल तर घनता कमी असण्याचा धोका थोडा, उणे १ ते उणे ४ असेल तर मध्यम, उणे ४ च्याही खाली गेलं तर जास्त. वय आणि वजन एवढ्या दोनच गोष्टींत इतकं कळतं, कारण हाडं रोज जेवढा भार पेलतात तेवढी टिकून राहतात, शिवाय शरीरातल्या चरबीत थोडं इस्ट्रोजेनही तयार होतं.

तुमच्या तिघींना हे लावून पाहा. आई : ४९ वजा ६८ म्हणजे उणे १९, गुणिले ०.२ म्हणजे उणे ३.८, म्हणजे उणे ३, मध्यम. सासूबाई : ७४ वजा ७२, उत्तर ०.४, म्हणजे शून्य, धोका थोडा. आत्या : ५८ वजा ५९, उणे ०.२, म्हणजे शून्यच, धोका थोडा. आता गंमत पाहा. जिचं हाड मोडून झालंय ती 'मध्यम', आणि उरलेल्या दोघी, ज्यांचीही मला काळजी वाटते, त्या 'थोडा धोका' या खान्यात. आकडेमोड चुकलेली नाही. तिचं काम एवढंच, की डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत कुणाची घनता कमी निघण्याचा संभव आहे ते सुचवायचं. स्टेरॉइड, पडणं, मधुमेह, आधीचा मोड यांची तिला खबरच नसते. म्हणून अशा गणिताचा उपयोग, बाकी काही कारण नसलेल्या बाईला तपासणीला पाठवावं का, हे ठरवण्यापुरता करायचा. ज्यांना कारण आधीच आहे त्यांना या गणिताने घरी बसवायचं नाही.

जास्त गोष्टी विचारात घेणारं गणित म्हणजे फ्रॅक्स. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाने ते २००८ साली आणलं, आणि ते ४० ते ९० वयाच्या माणसांसाठी आहे. वय, वजन, उंची, आधीचा मोड, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, सिगारेट, मद्य, स्टेरॉइड, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि हाडं झिजवणारे इतर आजार, एवढं विचारून ते पुढच्या दहा वर्षांत मोठा मोड होण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं. खुब्याच्या मोडाची शक्यता वेगळी देतं. घनतेचा आकडा हाताशी असेल तर घालायचा, नसला तरी उत्तर मिळतं. वेगवेगळ्या देशांसाठी त्याची वेगवेगळी आवृत्ती आहे आणि आपल्या देशाचीच निवडावी लागते, कारण सगळीकडे मोडाचं प्रमाण सारखं नसतं. तुमच्या आईच्या फॉर्ममध्ये 'आधीचा मोड' आणि 'आईचा खुबा' या दोन्ही प्रश्नांना 'हो' येईल.

आत्याकडे वळू. तिचं ऐकून तुम्ही निश्चिंत होऊ नका. रक्तातलं कॅल्शियम शरीर अगदी अरुंद मर्यादेत राखतं. हृदयाची आणि स्नायूंची कामं त्यावर चालतात, त्यामुळे तिथे कमी पडू लागलं की ते हाडांतून काढून भरलं जातं. म्हणजे हाडं रिकामी होत असतानाही रक्ताचा रिपोर्ट छान येऊ शकतो. तो छान येतो याचं एक कारण तेच असतं! हाडांबद्दल निश्चिंत व्हायला हा आकडा कामाचा नाही.

तिच्याकडे धोक्याची तीन वेगवेगळी कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिळवायची असतात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस स्वतःच हाडं झिजवतो. दुसरं कारण स्टेरॉइड. रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (हे नेहमी दिलं जाणारं स्टेरॉइड) तीन महिन्यांहून अधिक घेतलं की फ्रॅक्समध्ये त्याची नोंद होते, आणि स्टेरॉइडमुळे होणारी झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. शिवाय स्टेरॉइडवर असताना हाडाची घनता बरी दिसत असूनही ते मोडू शकतं. तिसरं कारण, पाळी ४५च्या आत गेली. इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरतं, आणि पाळी जाण्याच्या सुमारास ते घसरलं की पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने पातळ होतात. ज्यांचं हे लवकर सुरू होतं त्यांची तेवढी वर्षं जास्त जातात. अंडाशय शस्त्रक्रियेने काढलेल्या स्त्रियांनाही हेच लागू पडतं. तेव्हा आत्या साठीच्या आत आहे म्हणून थांबू नका. घनता मोजून घेण्यासाठी सांगतात ती ६५ वर्षांची मर्यादा दुसरं काही कारण नसलेल्या स्त्रियांसाठी आहे.

आणि हे मोठ्या अक्षरांत लिहिलंय असं समजा : हे वाचून आत्याने स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. तिच्या डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच, की डोस आणखी कमी करता येईल का आणि हाडं राखण्यासाठी सोबत काही द्यायला हवं का.

स्टेरॉइडसारखी आणखीही औषधं आहेत. स्तनाच्या कर्करोगानंतर देतात त्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या, फिट येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं घेतलेलं फेनिटॉइन, गरजेपेक्षा जास्त डोसमधलं थायरॉइडचं औषध, आणि आम्लपित्तासाठी सवयीने कैक वर्षं चालू ठेवलेल्या काही गोळ्यासुद्धा. तिघींच्या औषधांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा, कागदावरची यादी पुरत नाही.

सासूबाईंचं प्रकरण या तिघींत सर्वांत फसवं. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. वजन चांगलं, काही मोडलेलं नाही, आणि वर हातात 'उत्तम' असा कागद. टाचेवर लावतात ते बहुतेक अल्ट्रासाउंडचं यंत्र असतं. त्यातून धोक्याचा थोडा अंदाज येतो, पण ठिसूळपणाचं निदान त्यावरून करत नाहीत आणि तो नाही असं सांगायलाही ते पुरेसं नसतं. माझं स्पष्ट मत सांगते. अशा कागदाने सगळ्यात मोठं नुकसान करून घेतात त्या खरोखर धोक्यात असलेल्या स्त्रिया, कारण एकदा 'उत्तम' ऐकलं की पुढची दहा वर्षं त्या कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही सून आहात, त्यामुळे हे सांगणं तुमच्यासाठी आणखी अवघड. त्या कागदाशी भांडू नका. तो फाइलमध्ये लावा आणि म्हणा, ही टाचेची झाली, आता खुब्याची आणि कंबरेची करून घेऊ.

टाइप २ मधुमेह, म्हणजे बहुतेकदा प्रौढ वयात सुरू होणारा, सासूबाईंना बहुधा असलेला मधुमेह, असलेल्यांच्या हाडांची घनता अनेकदा चांगली, कधी तर सरासरीपेक्षा जास्तच निघते, आणि तरीही त्यांची हाडं जास्त मोडतात. हाडात किती खनिज आहे ते यंत्र मोजतं, हाडाचा पोत मोजत नाही. मधुमेहात पोत बिघडतो. फ्रॅक्सच्या फॉर्ममध्ये टाइप २ मधुमेहाला रकाना नाही, त्यामुळे तिथेही धोका कमी दिसतो. यावर काही तज्ज्ञांनी उपाय सुचवला आहे, की अशा रुग्णाचा फॉर्म भरताना रुमॅटॉइडच्या रकान्यात खूण करावी म्हणजे उत्तर वस्तुस्थितीच्या जवळ येतं. डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही.

फ्रॅक्सच्या मूळ फॉर्ममध्ये पडण्याबद्दलही प्रश्न नाही. सासूबाई वर्षात दोनदा पडल्या आहेत आणि माझ्या दृष्टीने त्यांच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती हीच. खुब्याचे बहुतेक मोड पडूनच होतात. त्या का पडल्या? रात्री उठताना पडल्या का? उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते का? अंधारी येत असेल तर रक्तदाब आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून मोजायला सांगा. झोपेची गोळी, साखर एकदम उतरणं, मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, दुखऱ्या गुडघ्यांनी आलेली मांड्यांची अशक्तता, हे सगळं एकेक करून तपासायचं. घरी एक करून पाहा. त्यांना खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला सांगा आणि घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. बाजूला उभ्या राहा, म्हणजे मोजता मोजता तिसऱ्यांदा पडणं नको.

गुडघेदुखीबद्दल एकच सांगते. गुडघे दुखतात म्हणून हाडं ठिसूळ असं नसतं, आणि गुडघे दुखत नाहीत म्हणून ती मजबूत असंही नसतं. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. दुखण्याची वाट पाहणाऱ्या बाईचं निदान मोड झाल्यावरच होतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. डेक्सा म्हणजे खुबा आणि कंबरेचे मणके यांची घनता अगदी थोड्या क्ष-किरणांनी मोजणं. किरणांचं प्रमाण छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असतं. कपडे घालून टेबलावर काही मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, काही नाही. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नये, आणि अलीकडेच बेरियम किंवा रंगद्रव्य देऊन दुसरी काही तपासणी झाली असेल तर आधी सांगावं. रिपोर्टवर टी-स्कोअर येतो. तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा आपण किती खाली आहोत हे त्यातून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या रेषा अजून चालतात. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. साध्या एक्स-रेवर 'हाडं विरळ दिसतात' असं कुणी म्हणेपर्यंत साधारण तीसेक टक्के खनिज गेलेलं असतं, म्हणून एक्स-रे मणका दबला का ते पाहायला मागायचा, घनता पाहायला नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर आकड्याला चिकटून बसू नका. मोड होणाऱ्या बऱ्याच स्त्रिया उणे २.५ च्या वरच्या, 'थोडी कमी' या गटातल्या असतात, कारण त्या गटात स्त्रियांची संख्याच फार मोठी आहे. आणि वय वाढलं की कंबरेचा आकडा उगाच चांगला दिसू लागतो. मणक्यांना फुटलेली टोकं, शेजारच्या धमनीत साचलेलं कॅल्शियम, सगळं घनतेत जमा होतं. दबलेला मणकासुद्धा दाट दिसतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत बसलेलं असतं. म्हणून आईचा कंबरेचा आकडा चांगला आला तरी खुब्याचा वाचा आणि सोबत एक्स-रे ठेवा. एक्स-रेत मणका दबलेला निघाला आणि त्याला दुसरं काही कारण नसलं, तर टी-स्कोअर काहीही असो, ऑस्टिओपोरोसिसचं निदान झालं. फक्त मनगटच असेल तर घनता, फ्रॅक्स आणि बाकीचं चित्र मिळून निर्णय होतो.

ही चाळणी, म्हणजे हाड मोडण्याआधीच धोका असलेल्या स्त्रिया शोधून काढणं, खरंच उपयोगाची आहे का, असा प्रश्न तुमच्याकडच्या कुणी ना कुणी विचारेलच. अमेरिकेत ६५ पुढच्या प्रत्येक स्त्रीला, आणि त्याआधी पाळी गेलेल्यांपैकी धोक्याची कारणं असणाऱ्यांना, घनता मोजण्याची शिफारस आहे. २०२५च्या जानेवारीत ती पुन्हा कायम केली गेली. ब्रिटनमध्ये आधी प्रश्न विचारून धोका काढायचा आणि मग गरजेप्रमाणे यंत्राकडे पाठवायचं, असा क्रम आहे. तिथेच ७० ते ८५ वयाच्या १२,४८३ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. निम्म्या स्त्रियांची फ्रॅक्सने चाळणी केली, निम्म्यांना नेहमीसारखं सोडलं. पाच वर्षांत सगळे मोड मिळून फारसा फरक पडला नाही, पण चाळणी झालेल्या गटात खुब्याचे मोड २८ टक्क्यांनी कमी होते. मला यातला दुसरा आकडा जास्त वजनाचा वाटतो. माणसाला परावलंबी करतो तो खुबाच.

धोका ठरला की औषध सुरू करण्याआधी रक्त तपासतात. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि गरज पडली तर पॅराथायरॉइड. मणका दबलेला असेल आणि अशक्तपणाही असेल तर मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) नाही ना, तेही बघतात. तिथून पुढे औषध कोणतं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्हाला दोनच गोष्टी माहीत असू द्या. हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. आणि त्याच कामाच्या डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन सुरू केलं तर ते मधेच सोडायचं नाही. सोडल्यावर झीज उसळते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात, म्हणून बंद करायचं असेल तर त्याजागी दुसरं औषध आधी ठरवावं लागतं. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर आईला ठेवत असतील तर 'एवढ्याने पुरेल का' हे विचारायला संकोचू नका. पन्नाशीनंतर स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, ते आहारातून येत असेल तर गोळीची भर कमी लागते, आणि झालेला धोका नुसत्या कॅल्शियमने उतरत नाही.

जाण्याआधी तिघींसाठी तीन वेगळे कागद करा. प्रत्येकीवर वय, आत्ताचं वजन, आत्ताची आणि तरुणपणीची उंची, पाळी कोणत्या वर्षी गेली, कोणतं हाड कधी आणि कसं मोडलं, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, वर्षात किती वेळा पडणं झालं, चालू औषधं आणि किती काळापासून. सासूबाईंच्या आईवडिलांबद्दल तुम्हाला माहीत नसेल, त्यांनाच विचारा. त्या निमित्ताने त्या तपासणीला तयार होतील, असा माझा अनुभव आहे. आईला या आठवड्यात न्या. आत्याची तिच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडची पुढची भेट असेल तेव्हा हा कागद तिथे द्यायचा, पण ती भेट दोन महिन्यांपलीकडे असेल तर आधीच फोन करा. सासूबाईंना डेक्सासाठी थोडं थांबता येईल. पडण्याच्या कारणांचा शोध मात्र थांबवू नका, रक्तदाब आणि औषधांची पाकिटं याच आठवड्यात तपासून घ्या.

राहिला तुमचा प्रश्न. ४३व्या वर्षी, पाळी नियमित असताना, स्टेरॉइड किंवा दुसरं कारण नसताना डेक्साची गरज नाही. केली तर एखादा किंचित कमी आकडा येईल आणि विनाकारण घोर लागेल. या वयात टी-स्कोअर लावतही नाहीत, समवयस्कांशी तुलना करणारा वेगळा आकडा पाहतात. फ्रॅक्स आईवडिलांच्याच खुब्याबद्दल विचारतं, आजीच्या नाही, आणि तुमच्या आईचा खुबा शाबूत आहे. पाळी ४५च्या आत गेली, अंडाशय काढावे लागले, दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावं लागलं किंवा साध्या पडण्याने काही मोडलं, तर मात्र ६५ची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. एरवी पाळी गेल्यावर एकदा फ्रॅक्स काढून घ्या. तुमची आजची उंची भिंतीला उभं राहून, चप्पल काढून मोजा आणि तारखेसह आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवा.